औषध अंगातनं बाहेर कधी जातं?

वॉर्डात नातेवाईक काय काय विचारतात. सिस्टर ही गोळी जेवणाआधी का नंतर, हे इंजेक्शन भारीतलं आहे ना, गुण कधी येईल, सलाईन अजून किती वेळ. विचारायलाच हवं, त्यांचं माणूस आहे आत. पण हे औषध अंगातनं बाहेर कधी जातं आणि कुठून जातं, असं विचारणारं मला आजवर कोणी भेटलं नाही. आत जायचे रस्ते सगळ्यांना माहीत असतात, तोंडाने, शिरेतनं, कमरेत, कातडीखाली. बाहेर जायचा रस्ता म्हटलं की विषय संपतो. आणि माझं म्हणणं असं की नर्सच्या हातातल्या डोसचं निम्मं गणित त्या बाहेरच्या रस्त्यावर आहे, त्यामुळे आज त्यावरच लिहिते, जरा लांबेल पण वाचा.

आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातनं गाळतात, जवळजवळ सगळं परत आत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी करून टाकतात. प्रत्येक किडनीत 10 लाखाच्या आसपास गाळण्या, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. काही औषधं लिव्हरमधे मोडतात आणि पित्तातनं जातात, त्यांना किडनीचं फारसं देणंघेणं नसतं. पण नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन, शुगरचं मेटफॉर्मिन, अमिकासिन हे अँटिबायोटिक अशी कितीतरी औषधं शरीर मोडतच नाही, जशी गेली तशीच लघवीतनं बाहेर पडतात. किडनी निम्म्यावर आली तर ती बाहेर पडायला वेळ लागणार आणि आपण मात्र ठरल्या वेळेला पुढचा डोस घेऊन बेडपाशी उभ्या.

नाशिककरांना हे समजावून सांगायला सोपं आहे. ऑगस्टमधे गंगापूर धरणात पाण्याचा येवा चालू असतो आणि आपण सगळे किती क्युसेक सोडलं ते बघत असतो, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं का कमरेला आलं ते एकमेकांना फोन करून विचारतो. आता समजा येवा तेवढाच आहे पण दरवाजे इंचभरच उघडतायत. धरणाचं काय होईल ते सांगायला नको. किडनी थकलेल्या माणसाला रोज तीनदा तोच डोस देत राहणं म्हणजे तेच.

मागे आमच्याकडे निफाडकडच्या एक आजी होत्या, अठ्ठ्याहत्तरीच्या, वजन 42 किलो. पाठीला नागीण उठलेली, आग इतकी की पदर लागला तरी कळवळायच्या. नागिणीवर व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम दिवसातनं तीनदा आणि त्या आगीवर गॅबापेंटिन 300, तेही तीनदा. पुस्तकात बघाल तर दोन्ही बरोबर. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातनं बाहेर टाकते तो कचरा, ती थकली की रक्तात वाढतो, ते 1.1, लॅबच्या कागदावर नॉर्मलची हद्द 1.2 पर्यंत, म्हणजे रिपोर्टला ना स्टार ना ठळक अक्षर, कोणाचं लक्ष जायचं कारणच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजी पेंगायला लागल्या. हाक मारली की ओ द्यायच्या, परत डोळे मिटायच्या, चहाचा कप धरायला गेल्या की हात असा अचानक झटका मारायचा आणि चहा सांडायचा. मग कोणाशी तरी बोलायला लागल्या जे तिथे नव्हतंच. सून म्हणाली, सिस्टर, वयच झालंय आता, घर सुटलं की म्हातारी माणसं बहकतात. मुलाने बाहेरचं काही लागलंय का म्हणून विचारलं.

वयाने माणूस बहकतं हे खरं आहे, हॉस्पिटलमधे आल्यावर तर जास्तच. पण पेंगणं आणि हातांचे झटके एकत्र दिसले की माझं लक्ष आधी औषधाच्या शीटवर जातं, मग वयावर. मी आरएमओ सरांना, म्हणजे वॉर्डावरच्या ड्युटी डॉक्टरांना बोलावलं, सर, आजींना झटके येतायत, गॅबापेंटिन चालू आहे, वजन 42 आहे, लघवी काल रात्रभरात कमीच झालीय. सरांनी तिथेच मोबाईलवर हिशोब केला.

किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा तो हिशोब, फार जुना आहे, 1976 चा, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांचा. 140 मधनं वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागायचं आणि बाई असेल तर 0.85 ने गुणायचं. आजींचं करून बघा. 140 वजा 78 म्हणजे 62, गुणिले 42, भागिले 79.2, गुणिले 0.85. उत्तर येतं मिनिटाला जेमतेम 28 मिली. आता तोच 1.1 क्रिएटिनिन तीस वर्षांच्या सत्तर किलोच्या गड्याचा धरा, उत्तर येतं 97. कागदावर दोघांचा आकडा एकच आणि आतमधे एकाची किडनी जवळपास धडधाकट तर दुसरीची पाव हिश्शाच्या जरा वर. कारण क्रिएटिनिन स्नायूंमधनं येतं. आजींच्या अंगावर मांसच नाही राहिलेलं, तर क्रिएटिनिन बनणार किती आणि वाढणार किती. सुकलेल्या म्हाताऱ्या माणसाचं नॉर्मल क्रिएटिनिन बघून मला म्हणूनच कधी बरं वाटत नाही.

आणि गॅबापेंटिनचं असं आहे की चांगल्या किडनीत पाच ते सात तासात रक्तातलं औषध निम्मं होतं. हाच आकडा 30 च्या खाली गेला की निम्मं व्हायला सरासरी 52 तास लागतात. दोन दिवसांहून जास्त. आणि आपण दर आठ तासाने नवी कॅप्सूल देतोय. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी वाटतं चला आजींना झोप लागली, दुखणं कमी झालं असेल, आणि तिसऱ्या दिवशी हात उडायला लागतात. व्हॅलासायक्लोव्हिरचंही तेच, 30 च्या खाली नागिणीसाठी दिवसातनं एकदाच 1 ग्रॅम, तीनदा नाही, आणि तेसुद्धा साठलं तर माणूस भ्रमात जातं. म्हणजे आजींच्या डोक्यावर दोन औषधं एकदम साठत होती. सरांनी गॅबापेंटिन थांबवलं, दुसरं एकदाच केलं, पाणी वाढवलं. पुढच्या काही दिवसात आजी हळूहळू वर आल्या आणि आल्या आल्या सुनेला गायीचं दूध कोण काढतंय ते विचारलं. आगीवर नंतर गॅबापेंटिनच दिलं, रात्री एकच, छोटा डोस. औषध वाईट नव्हतंच.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायचीय. क्रिएटिनिन हा कालचा आकडा असतो. किडनीला आज सकाळी धक्का बसला तर क्रिएटिनिन वर चढायला एक-दोन दिवस जातात. तोवर रिपोर्ट म्हणत राहतो सगळं ठीक. लघवी मात्र त्याच दिवशी बोलते. तासाला किलोमागे अर्धा मिली हा साधा हिशोब, म्हणजे आजींना तासाला 21 मिली तरी व्हायला पाहिजे, बारा तासांच्या नाईटला अडीचशेच्या आसपास. सलग सहा तास त्याच्या खाली राहिली तर किडनीला अचानक इजा होतेय असं धरायचं, जगभर हाच निकष लावतात. दुसरा निकष क्रिएटिनिन 48 तासात 0.3 ने चढण्याचा, पण त्यासाठी रक्त काढून रिपोर्ट यायला हवा. लघवी मोजायला काय लागतं, मापाचा जग आणि वाकायची तयारी.

आणि नेमकं हेच काम वॉर्डात हलकं समजलं जातं. युरोबॅग भरली की मावशी रिकामी करतात, मापात ओतलंच असेल असं नाही, चार्टवर कोणीतरी 800 लिहितं कारण काल पण 800 होतं. मावशींना दोष नाही देत मी, एका शिफ्टला किती बेड बघायचे त्यांनी. पण मी नवीन मुलींना पहिल्या दिवसापासून सांगते की बाई, तो लघवीचा आकडा म्हणजे औषधाच्या डोसचाच भाग आहे. तू अमिकासिन भरतेस तेव्हा जेवढ्या काळजीने सिरींजमधली रेघ बघतेस तेवढ्याच काळजीने ती पिशवी बघ. अमिकासिन, जेंटामायसिन ही तर स्वतःच किडनीला आणि कानाला त्रास देणारी औषधं. पेशंट म्हणाला कानात घूं घूं होतंय तर सर्दी असेल म्हणून पुढे जायचं नाही, लगेच सांगायचं. त्यांची रक्तातली लेव्हल तपासायला सांगितली असेल तर पुढचा डोस द्यायच्या जरा आधी रक्त काढायचं, आणि काढल्याची खरी वेळ लिहायची, शीटवर छापलेली नाही. वेळ चुकीची लिहिली तर त्या लेव्हलचा अर्थच उलटा निघतो.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की किडनी खराब म्हटली की सगळं निम्मं करायचं. नाही, आणि हे मी मुद्दाम ठासून लिहितेय. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला पेशंट आलाय, बीपी पडलंय, क्रिएटिनिन 2.5, अशावेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस घाबरून कमी केला किंवा थांबून राहिलं की आधी किडनीचं बघू, तर ते जिवावर बेतू शकतं. पहिला डोस रक्तात औषध पुरेसं चढावं म्हणून असतो, ते चढणं किडनीवर अवलंबून नाही, त्यामुळे तो बहुतेक वेळा पूर्णच देतात आणि पटकन देतात. किडनीचा हिशोब लागतो तो पुढच्या डोसांना, किती आणि किती तासांनी. सेफ्ट्रायक्सोनसारखं औषध तर साधारणपणे कमी करायलाच लागत नाही. शिवाय सेप्सिसमधनं उठताना किडनी दोन-तीन दिवसात सुधारते, लघवी मोकळी होते, आणि कमी केलेला डोस तसाच चालू राहिला तर आता तोच अपुरा पडतो. म्हणजे सोमवारी बरोबर असलेली ऑर्डर गुरुवारी बरोबर असेलच असं नाही, दोन्ही बाजूंनी. शीटवरची अक्षरं तीच असतात, बदललेला असतो पेशंट, आणि त्याच्यापाशी चोवीस तास कोण असतं तर आम्ही.

शुगरचं एक सांगते कारण ते घरोघरी होतं. वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणारा माणूस, शुगर कधी आटोक्यात नाही, आणि अचानक सगळे रिपोर्ट छान यायला लागतात. घरचे खूश. कोणी म्हणतं कारल्याचा रस लागू पडला, कोणी म्हणतं नवसाला देवी पावली. खरं कारण कधी कधी असं असतं की अंगातलं इन्सुलिन मोडायचं बरंचसं काम किडनी करते, ती थकली की तेच युनिट जास्त वेळ काम करत राहतात. आणि मग पहाटे चारला घाम फुटून माणूस गार पडतं. म्हणून ज्याचं इन्सुलिन न बदलता शुगर खाली सरकतेय त्याची किडनी तपासली का ते मी विचारतेच. ग्लिबेनक्लामाइडसारख्या जुन्या गोळीने तर शुगर एकदा पडली की साखर-पाणी देऊन वर आली तरी परत पडते, तासन्‌तास बघत राहावं लागतं. मेटफॉर्मिनचंही बंधन आहे, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा लॅबच्या रिपोर्टवरचा आकडा, 30 च्या खाली असेल तर नाहीच द्यायचं.

मग येतात एप्रिल-मे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षाची खरड छाटणी चालू असते, सुरगाणा-पेठकडनं माणसं कामाला आलेली, डोक्यावर ऊन, पाणी पोटात जातंय किती ते देवाला माहीत. कंबर धरते, अंग मोडून येतं, मग संध्याकाळी कुठेतरी जाऊन एक सुई मारून घेतात आणि सकाळी परत बागेत. ती सुई बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक. अंगात पाणी कमी असतं तेव्हा किडनीकडे रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवायचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करत असतात, आणि हे इंजेक्शन नेमकी तीच बंद करतं. म्हणजे पाणी नसताना जो एक आधार होता तोही काढून घेतला. वर त्या माणसाला बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिन्ही मिळून किडनीला अजूनच अवघड. एरवी तब्येतीने दणकट दिसणारी माणसं लघवी बंद झाली म्हणून येतात, आणि आम्ही हिस्ट्री घेताना कुठली गोळी घेतली का विचारलं तर नाही म्हणतात. खोटं नाही बोलत, सुई घेतलेली असते, गोळी नाही. म्हणून मी आता विचारतानाच विचारते, दादा, अंगदुखीची सुई कधी मारली होती?

याच डायक्लोफेनॅकने आपली गिधाडं संपवली हे त्र्यंबक रोडला राहणाऱ्या माणसाने तरी विसरू नये. गुरांना ते द्यायचे, जनावर मेलं की गिधाडं खायची आणि त्यांच्या किडन्या बंद पडून मरायची, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर सापडायचा. शास्त्रज्ञांनी हे 2004 मधे सिद्ध केलं, तोवर काही जातींची गिधाडं आपल्याकडे 95 टक्क्यांहून जास्त कमी झाली होती. 2006 मधे गुरांसाठी ते बंद केलं. तरी माणसांची मोठी वायल गुरांना वापरायचे, म्हणून 2015 पासून माणसांसाठीही 3 मिलीचा एकच डोस असलेलं पॅक आलं. ते आम्ही रोज हातात घेतो. अंजनेरीच्या कड्यावर आजही गिधाडं घरटी करतात, जाऊन बघा, फार देखणा पक्षी आहे उडताना. पक्ष्याची किडनी वेगळी, माणसाची वेगळी, माणसाला ते योग्य वेळी योग्य दिवस दिलं तर चालतं, मी रोज देते. पण देण्याआधी पाणी किती पितोय, लघवी किती होतेय, वय काय, बाकी काय चालू आहे हे विचारल्याशिवाय देत नाही.

डायलिसिसच्या पेशंटचं वेळापत्रक तर वेगळंच. सकाळी दहाला अँटिबायोटिक दिलं आणि बाराला डायलिसिसला पाठवलं तर चार तासात मशीन त्यातलं बरंचसं ओढून घेऊ शकतं. म्हणून अशी औषधं डायलिसिसनंतर द्यायची असतात. बीपीची गोळी सकाळी द्यायची का थांबवायची हे त्या दिवशी आधी विचारून घ्यायचं, नाहीतर मशीनवर बीपी पडतं. फिस्टुलाच्या हाताला, म्हणजे डायलिसिससाठी ज्या हातात शीर जोडून ठेवलीय त्या हाताला ना बीपीचा पट्टा ना सुई. हे सगळं हँडओव्हरमधे तोंडी सांगायचं आणि लिहायचंही, कारण वॉर्डाच्या वेळा सहा-दोन-दहाच्या आणि डायलिसिसच्या वेळा मशीन रिकामं होईल तशा. आणि हो, भेटायला येणाऱ्यांनी शहाळं आणताना एकदा आम्हाला विचारा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ज्याची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही त्याच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. प्रेमाने आणलेलं शहाळं परत पाठवताना मला फार वाईट वाटतं, पण पाठवते.

डॉक्टरांना रात्री दोनला फोन करणं सगळ्यांना जमत नाही हेही खरं. मागे एका ठिकाणी मला ऐकून घ्यावं लागलंय की डोस ठरवायचं काम तुमचं नाही सिस्टर. माझं नाहीच ते. पण हातात भरलेली सिरींज घेऊन बेडपाशी उभी असते ती मी, आणि माझ्यानंतर थेट पेशंटची शीर असते. म्हणून मी मुलींना फोनवर बोलायला शिकवते. सर, डोस जास्त वाटतोय असं म्हणू नका, त्याने वाद होतो. आकडे सांगा. सर, बेड सात, वय 78, वजन 42, क्रिएटिनिन 1.1 वरनं 1.6 झालंय, लघवी सहा तासात 90, इनॉक्सापॅरिन दोनदा चालू आहे, रात्रीचा डोस देऊ का? इनॉक्सापॅरिन हे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन, 30 च्या खाली दोनदाचं एकदाच करतात हे त्या डॉक्टरला माहीतच असतं, त्याच्यापुढे चाळीस पेशंट असतात म्हणून राहून गेलेलं असतं. असे आकडे ऐकवल्यावर कोणी चिडलेलं मी बघितलेलं नाही, उलट थँक्यू सिस्टर म्हणतात.

अडतं कुठे तर वजनाला. सगळ्या हिशोबात वजन लागतं आणि शीटवर वजनाचा रकाना बऱ्याचदा कोरा, नाहीतर अंदाजे 60 लिहिलेलं. झोपून असलेल्या पेशंटचं वजन करायचं कोणी. मोठा काटा असेल तर आम्ही व्हीलचेअरसकट पेशंट काट्यावर चढवतो, मग रिकामी खुर्ची मोजून वजा करतो, दोन मामा आणि पाच मिनिटं लागतात. 60 समजलेली बाई 42 ची निघते आणि सगळी उत्तरं बदलतात.

तुमच्या घरचं म्हातारं माणूस ॲडमिट करायची वेळ आली तर नुसता आजचा रिपोर्ट आणू नका, जुनी फाईल शोधा, दोन-तीन वर्षांपूर्वीचं क्रिएटिनिन कुठेतरी सापडतंच. आज 1.1 आहे पण मागच्या वर्षी 0.6 होतं हे कळलं तर आम्हाला लगेच समजतं की मधल्या काळात जवळपास निम्मी किडनी गेलीय, आणि लॅबचा कागद ते कधीच सांगणार नाही कारण त्याच्या लेखी दोन्ही नॉर्मलच. सोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणा, मेडिकलवरनं परस्पर आणलेल्या, वैद्याच्या पुड्या, गुडघ्याचं तेल सोडून सगळं. आणि आजींना शेवटची सुई कधी मारली होती तेही आठवून ठेवा.